सुरुवात अकोल्याची, शेवट अमरावतीचा

सिनेमा आणि गाणी या दोन विषयांवर माझी मतं अतिशय ठाम आहेत. त्याचं कारण असं की एक सोडला तर मी एकही सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही. ज्यानं पूर्ण पाहिला तो जरा घुटमळतो, ‘तसं पाहिलं तर’ म्हणतो, ‘पण दुसऱ्या बाजूनं’ म्हणतो. अर्धा पाहणाऱ्याला दुसरी बाजू नसतेच.

यात माझा दोष नाही. जन्म अमरावतीचा आणि सासुरवाडी अकोल्याची, एवढंच माझं चुकलं. बाबांनी उभ्या आयुष्यात एकाही सिनेमाची सुरुवात पाहू दिली नाही आणि सासऱ्यांनी, तो एक सोडला तर, एकाचाही शेवट. लग्न झालं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. म्हणजे अठ्ठावीस वर्षं मी नुसते शेवट जमवत होतो.

बाबा जिल्हा परिषदेत होते आणि त्यांचा एक हिशेब होता. तीनचा खेळ म्हणजे तीनला सिनेमा सुरू होत नाही. आधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचारचित्र, मग दंतमंजनाची, खतांची आणि लुगड्यांच्या दुकानाची जाहिरात, मग पुढच्या आठवड्याच्या सिनेमाचे तुकडे. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. तेव्हा घरातून निघायचं तीनला. ‘कुठंतरी पूर आला हे पाहायले पैसे भरून जायचं काय?’ हा त्यांचा सवाल. हिशेब चोख होता, फक्त त्यात सायकलरिक्षावाल्याशी घासाघीस, आईचं कुलूप दोनदा ओढून पाहणं आणि वाटेत भेटणारा बाबांच्या खात्यातला माणूस धरलेला नसायचा. पुढं समाचारचित्रं दाखवणं बंद झालं. बाबांनी हिशेब बदलला नाही.

अमरावतीत टॉकीज शोधावी लागत नाही, ती पत्त्यातच असते. चित्रा चौक, श्याम चौक, सरोज चौक, प्रभात चौक. दुसऱ्या गावांत चौकांना पुढाऱ्यांची नावं देतात, आम्ही पडद्यांची दिली. टॉकीज चालो न चालो, ऑटोवाला ‘श्याम, श्याम, श्याम’ ओरडतो तेव्हा तो नामस्मरण करत नसून प्रवासी भरत असतो. सिनेमाच्या धंद्यात आमच्या गावाची पत मोठी. मुंबईचे निर्माते देशाचे जे भाग पाडून सिनेमे विकतात त्यात एका भागाचं नाव आजही ‘सीपी-बेरार’ आहे आणि त्या भागातल्या वितरकांची हापिसं वर्षानुवर्षं अमरावतीत नि भुसावळात. सीपी ॲण्ड बेरार नावाचा प्रांत १९५० साली मध्य प्रदेश झाला, १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, मग १९६० ला महाराष्ट्र झाला, हे सगळं झालं. सिनेमावाल्यांपर्यंत ते पोचलंच नाही. बहुतेक तेही आमच्या बाबांसारखे उशिरा पोचले असावेत.

तर आम्ही पोचायचो तेव्हा आत अंधार. बॅटरीवाला पुढं, मागं बाबा, त्यांच्या मागं आई, तिच्या पदराला मी नि माझी बहीण, आणि लोकांच्या पायांवरून आमचं वऱ्हाड सरकायचं. टेकल्याबरोबर बाबा शेजारच्या अनोळखी माणसाकडं वाकून विचारत, ‘काय झालं भाऊ इथवर?’ आणि तो माणूस सांगायचा! चिडायचा नाही, गप्प बसा म्हणायचा नाही. वऱ्हाडात विचारलेली गोठ न सांगणं म्हणजे पाहुण्याला पाणी न विचारणं. त्यामुळं हिंदी सिनेमातल्या थोर थोर सुरुवाती मला अनोळखी माणसांच्या आवाजात पाठ आहेत. ‘शोले’ची सुरुवात मला वरुडकडच्या एका संत्रेवाल्यानं सांगितली: ‘काही नाही भाऊ, ठाकूरनं दोन चोट्टे बलावले.’ जेलर, मालगाडी, सगळं त्यात आलं. ‘मुगल-ए-आझम’ फिरून लागला तेव्हा एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं, ‘राजाले पोट्टं होत नव्हतं. नवस बोलला. आता झालं, तं हे असं निंगालं.’ के. आसिफनी त्या सिनेमासाठी वर्षांमागून वर्षं घालवली. बाईंना तीन वाक्यं लागली आणि मला अजूनही वाटतं की तिसरं वाक्य आसिफना सुचलं नसतं.

रहस्यपटांचे मात्र हाल व्हायचे. खून कोणी केला हे आम्हाला नेहमी कळायचं, कोणाचा केला हे नाही. ‘तीसरी मंज़िल’मध्ये तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी पडतं म्हणून सिनेमाचं ते नाव, हे मला चाळिशीत कळलं. तोवर मी समजत होतो, शम्मी कपूर तिथं भाड्यानं राहतो.

थोडक्यात, अमरावतीत मी मरणं भरपूर पाहिली, कारणं नाही.

मे १९९५ ला लग्न झालं, अकोल्याला, पंचेचाळीस अंशांत. आदल्या वर्षी ‘हम आपके हैं कौन’ आला होता. चौदा गाण्यांची ती लग्नाची व्हिडिओ कॅसेट मी कलाकृती मानत नाही, पण तिनं वऱ्हाडाचं जे केलं ते इंग्रजांना आणि निजामाला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. आमच्याकडं नवऱ्याचा कान पिळतात. साळा येतो, कान पिळतो, कपडे घेतो, जातो. एका मिनिटाचा मामला, तोही जेवणाच्या आत. त्या सिनेमानंतर पोरी बूट पळवायला लागल्या. माझ्या लग्नात कानही पिळला आणि बूटही गेले, म्हणजे दोन्ही संस्कृतींचा खर्च माझ्यावर. बुटाचे पाचशे एक मागितले. बूट तीनशे पंचवीसचे होते. मी सरळ म्हणालो, ठेवा. सासरी माझी पहिली ओळख तिथं झाली.

त्या लग्नात बाबा उशिरा आले हे सांगायला नकोच. मंगलाष्टकांच्या दुसऱ्या कडव्याला ते मांडवात शिरले आणि शेजारच्या माणसाकडं वाकले. काय विचारलं ते मला बोहल्यावरूनही कळलं. दुसरी गोष्ट मात्र नवीन होती. बिदाईच्या वेळी सगळे रडत होते, सासूबाई, मावश्या, बूट पळवणाऱ्या पोरी, आणि सासरे कुठंच दिसेनात. शोधाशोध झाली. ते रस्त्यापलीकडं, वऱ्हाडाच्या बशीपाशी उभे होते. ड्रायव्हरला सांगत होते, ‘आत्ताच गाडी वळवून ठेव. मांगून गर्दी होईन.’

मामाजी, आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात, अकोटकडच्या एका शाळेत मुख्याध्यापक होते. सिनेमाचे बाबांपेक्षा मोठे शौकीन. वेळेच्या वीस मिनिटं आधी हजर, दंतमंजनाची जाहिरातसुद्धा हातावर हात ठेवून शिस्तीत पाहणार. पण सिनेमा संपायला पंधरा मिनिटं राहिली की उठणार. त्याला कारण सायकल. सत्तरच्या सुमाराला कधीतरी, त्यांनी नवीकोरी सायकल घेतल्याच्या आठवड्यात, खेळ सुटल्यावर सायकल स्टँडवर रेटारेटी झाली आणि पहिली सायकल कलंडली. मग दुसरी, मग तिसरी, अशी साठ-सत्तर सायकलींची अख्खी रांग पत्त्यांच्या घरासारखी आडवी झाली. हँडलात हँडल, पायडलात चेन. मामाजींची तळाशी. ती निघेपर्यंत रात्रीचा एक वाजला, मडगार्ड कायमचं पोचलं आणि घंटी गेली ती गेलीच. तेव्हापासून पत्र्याचा बिल्ला मुठीत धरून पंधरा मिनिटं आधी बाहेर. पुढं सायकल गेली, लूना आली, लूना गेली, मुलाची कार आली, माणेक नि वसंत टॉकीजच्या जागी मॉलमधले पडदे आले. पंधरा मिनिटं राहिली.

सासूबाईंना त्यांच्यामागोमाग उठावं लागायचं. पन्नास वर्षांच्या संसारात त्या माउलीनंही एक शेवट पाहिला नाही. त्या दुसऱ्या दिवशी भिंतीवरून शेजारणीला विचारायच्या. शेजारीण तब्येतीनुसार सांगायची. तिचं सुनेशी भांडण झालं असेल त्या दिवशी नायिकेचं काही खरं नसायचं.

याचा परिणाम काय झाला तो पाहा. अकोल्यात कोणी मरत नाही. मामाजींच्या लेखी ‘आनंद’मधला आनंद अजून जिवंत आहे, डॉक्टर औषध देऊन राहिले, हवापाण्याचा फरक पडला असेल. ‘पिंजरा’ तर त्यांनी आणखी लवकर सोडला. पुढच्या रांगेत त्यांच्या शाळेतली पोरं बसलेली दिसली म्हणून, गुरुजींचा पाय घसरायच्या आतच. त्यामुळं डॉ. श्रीराम लागू हे त्यांच्या मते गावाला वळण लावणारे आदर्श शिक्षक. मग १९७७ ला ‘देवकीनंदन गोपाला’ आला. आमच्याच धामणगावच्या राजदत्तांचा सिनेमा, आमच्याच शेंडगावच्या गाडगेबाबांवर, आणि गाडगेबाबा कोण, तर लागू. मामाजींना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. चांगला मास्तर, संत झाला, पुढची पायरी. मधली घसरण त्यांनी पाहिलीच नव्हती. आणि अर्थात तिथंही पंधरा मिनिटं आधी उठले, त्यामुळं त्यांच्यापुरते गाडगेबाबा अजून गाव झाडूनच राहिले आहेत.

पुण्याच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसतात आणि म्हणतात, ‘अगदी वऱ्हाड निघालंय लंडनला!’ लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्यानं बावन्न माणसं उभी केली, त्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण त्यातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं, आणि बोली मराठवाड्याची. आमचा त्याच्याशी एवढाच संबंध की आम्हीही लग्नाला जातो. असो. याच पाहुण्यांनी आमच्याकडं भाजीत सांबार घालू का विचारल्यावर, ‘नको, इडली नाहीये ना’ असं सांगितलं होतं. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

गाण्यांचं काय? तिथंही तेच. आमच्या पिढीनं गाणी ऐकली ती कॅसेटवर, आणि कॅसेट भरून घ्यायची दुकानातून. यादी लिहून द्यायची, साठ मिनिटांची कॅसेट द्यायची, चार दिवसांनी न्यायची. दुकानदार एका बाजूच्या तीस मिनिटांत सहा गाणी बसवून उरलेल्या फितीत सातवं सुरू करायचा. अर्ध्या अंतऱ्यावर खट्! का असं, विचारलं तर म्हणायचा, ‘फीत वाया काहून घालवू? तुमचेच पैसे वाचवले.’ आज फोनवर तीच गाणी अख्खी ऐकता येतात. मुलीनं कानात घालायचं यंत्र घेऊन दिलं आहे. पण रफीचं एक गाणं आहे, त्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात आवाज वर चढायला लागला की माझा जीव अजून आवळतो. आता खट् होणार. होत नाही. मग उरलेलं गाणं मला परकं वाटतं, कोणाच्या तरी दुसऱ्याच्या मालकीचं.

रफीचं नाव निघालं म्हणून. आमचं घर रफीचं, सासर किशोरचं. हा भेद जातीपेक्षा कडक आहे आणि पत्रिका पाहताना तो कोणी विचारला नाही याचं मला आजही नवल वाटतं. बाबांना रफी का आवडायचा, तर सज्जन वाटायचा म्हणून. मामाजींना किशोर का, तर आपल्या लाईनचा म्हणून. अकोल्याहून खांडव्याला छोटी गाडी जायची, मीटरगेज, अकोट, मेळघाट करत. २०१७ च्या सुरुवातीला बंद पडेपर्यंत ती गाडी आणि तिची लेट यावर अकोल्याच्या तीन पिढ्यांची बडबड चालली. किशोरकुमार खांडव्याचा, जन्म १९२९ चा. मामाजी याच गाडीनं शाळेला जायचे. तेव्हा किशोर हा गायक नसून सहप्रवासी. मेळघाटात धूळघाटला ही लाईन चढ चढण्यासाठी एक वेटोळं घ्यायची, गाडी स्वतःच्याच रुळांवरून पलटून जायची. मामाजींचा सिद्धान्त असा की किशोरचं ते गळ्यातल्या गळ्यात आवाज पलटवणं, यॉडलिंग, धूळघाटातून आलं. ‘खिडकीत बसून पाह्यलं असन लहानपनी. मांगचा डबा पुढं दिसते न् पुढचा मांगं. गळाही तसाच फिरते थ्याचा.’ मी एकदा सांगायला गेलो की तो अमेरिकेच्या जिमी रॉजर्सच्या आणि ऑस्ट्रेलियात गाजलेल्या टेक्स मॉर्टनच्या तबकड्या ऐकून शिकला असं म्हणतात. मामाजींनी चष्मा काढला, पुसला. ‘जवाईबापू, ऑस्ट्रेलियात धूळघाट हाय काय?’

यावर काय बोलणार?

या सगळ्या अर्धवटपणात मला एकच कला अशी दिसते जी आमच्या कुटुंबासाठी बनली. गझल. आणि ती मराठीत रुजवणारा माणूस अमरावतीचा निघावा हा योगायोग मी मानत नाही. सुरेश भट १९३२ ला इथं जन्मले. गावात साठीच्या पुढच्या कोणालाही विचारा, तो त्यांच्यासोबत चहा प्यायलेला असतो. एका माणसाला एका जन्मात एवढा चहा शक्य नाही, पण कोणाला खोटं ठरवणार? गझलेचं असं आहे की प्रत्येक शेर आपल्या पायावर उभा. मागच्याशी देणं नाही, पुढच्याकडून घेणं नाही. मतल्याला बाबा पोचले नाहीत, मक्त्याच्या आधी मामाजी उठून गेले, तरी मधले जे चार शेर हाती लागले ते पूर्णच. भटांच्या कार्यक्रमाला आमची दोन्ही घरं एकदा सोबत गेली होती. तेवढी एकच मैफल, जिच्यावरून परतताना कोणी कोणाला ‘काय झालं’ विचारलं नाही.

आता मूळ मुद्दा. तो ‘सैराट’चा आहे.

एप्रिल २०१६ च्या शेवटी तो लागला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही अकोल्यात होतो. आमरस, सरगुंडे, आणि संध्याकाळी अख्ख्या घराची बारा तिकिटं. अजय-अतुलच्या गाण्यांवर लोक खुर्च्यांसमोर नाचत होते. मामाजी पंचाहत्तरीचे, तेही काठीनं ताल धरून होते. मध्यंतरानंतर ती पोरं हैदराबादला पळाली, हाल झाले, सावरली, काम लागलं, भाड्याची खोली गेली, चांगलं घर आलं, मूल झालं. पोरीनं माहेरी फोन केला. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन आली. एवढ्यात मामाजींनी खिशात हात घातला, सवयीनं, बिल्ला नसतानाही, आणि उठले. मागोमाग सासूबाई.

आम्ही बसलो. पुढची मिनिटं ज्यांनी पाहिली त्यांना सांगायची गरज नाही. त्यात शेवटी आवाजसुद्धा नाही. दिवे लागले तरी आमच्या रांगेतलं कोणी उठेना. बायकोनं माझं मनगट धरलं होतं, तिच्या बांगडीचा वळ दोन दिवस होता.

खाली आलो तर मामाजी शेंगदाण्याची पुडी घेऊन कारपाशी उभे. चेहरा खुललेला. ‘काय पिक्चर काढला हो! आजकालच्या पोरांले दाखवाले पाह्यजे. भांडले, उपाशी राह्यले, पन शेवटी रांगेले लागले. घरचेही आले बापा, कितीक दिवस रुसतीन?’

बारा माणसं. कोणी काही बोललं नाही. बायको म्हणाली, ‘हो बाबा.’

त्यानंतरचं वर्षभर मामाजी कॉलनीत, पेन्शनरांच्या पारावर, लग्नाकार्यात ‘सैराट’ची शिफारस करत फिरले. चांगला घरगुती सिनेमा. ज्यांनी पूर्ण पाहिला होता ते त्यांच्याकडं टक लावून पाहायचे. एका निवृत्त तहसीलदारांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आणि २०१७ ला धाकट्या साळ्याच्या पोरीनं, आमच्या भाचीनं, पुण्याहून फोन करून सांगितलं की मुलगा ठरवला आहे. जात वेगळी. साळभाऊंचा रक्तदाब वाढला, वहिनींनी जेवण सोडलं, मला अमरावतीहून बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा (उशिरा, तेव्हा अमरावती-अकोला रस्ता असा होता की बाबांनासुद्धा माफ केलं असतं) घरात सुतक असल्यासारखं. मधोमध झोपाळ्यावर मामाजी. शेवटचा शब्द त्यांचा. झोपाळा बराच वेळ कुरकुरला. मग थांबला.

‘त्या सैराटातले नाही लागले रांगेले? मंग? हे तं दोघंही इंजिनेर हायेत.’

साळभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी वहिनींकडं पाहिलं. वहिनींनी छताकडं. आयुष्यात अनेक प्रसंगी मी सिनेमावर नको तेवढं बोललो आहे. त्या दिवशी माझ्या तोंडून ‘बरोबर आहे मामाजी’ एवढंच निघालं आणि सासूबाईंनी साखर वाटली.

२०१८ ला लग्न झालं, झकास झालं. पण त्या दिवसापासून आमच्या कुटुंबावर एक जबाबदारी येऊन पडली, तिची कल्पना बाहेरच्याला येणार नाही. ‘सैराट’ टीव्हीवर लागतो. वारंवार लागतो. आणि घरात सायकल स्टँड नाही. मामाजींनी सोफ्यावर बसून, पाय वर घेऊन, शेवटपर्यंत पाहिला तर? मग घरच्यांनी गर्दी तयार करायला सुरुवात केली. ती पोरं हैदराबादला पोचली की कोणीतरी घड्याळ पाहायचं. फोन आला की सासूबाईंना चक्कर. कधी दूध संपलं, कधी मीटरवाला आला, एकदा साळभाऊंनी सरळ मेन स्विच पाडला आणि अख्ख्या गल्लीच्या देखत महावितरणला शिव्या दिल्या. मला तर अमरावतीहून फोन करायची ड्युटी होती. ‘मामाजी, किशोरचा जन्म ४ ऑगस्टचा की ५ चा?’ हा प्रश्न मी सहा वर्षांत नऊदा विचारला. दरवेळी त्यांनी वीस मिनिटं उत्तर दिलं.

मधल्या काळात तो रस्ताही झाला. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना हा पंच्याहत्तर किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबर टाकून मोकळा केला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आमच्या पिढीला त्या खड्ड्यांत जेवढे तास गेले त्याची नोंद कोणी घेतली नाही. पण उशिराचं हक्काचं कारण गेलं. आता मी अकोल्याला वेळेवर पोचतो आणि काय बोलावं ते सुचत नाही.

गेल्या वर्षी, २०२५ ला, एक बातमी आली. मुलीनं मोबाइलवरून वाचून दाखवली. इटलीतल्या बोलोन्या गावी सिनेमाच्या महोत्सवात ‘शोले’ दाखवला, पन्नास वर्षांनी, मूळ शेवटासह. मूळ शेवटात पोलीस वेळेवर येत नाहीत. ठाकूर गब्बरला मारतो. आणीबाणीत सेन्सॉरनं तो बदलायला लावला होता, माजी पोलिसानं कायदा हातात घेऊ नये म्हणून.

मुलगी वाचत होती आणि आम्ही सगळे हळूहळू मामाजींकडं वळलो. त्याचं कारण असं: जय पुलावर एकटा गोळ्या झाडत होता तेव्हा मामाजी सायकलचा बिल्ला चाचपत बाहेर पडले होते. पण शेवट न पाहताही, किंबहुना म्हणूनच, त्यांचं मत पक्कं होतं. ठाकूरनं गब्बरला मारला. हातानं नाही, हात नव्हते, पायानं. पन्नास वर्षं लोक त्यांना सांगत होते की मामाजी, पोलीस येतात, अटक होते. बाबांनी तर, ज्यांच्याकडं शेवटांचा मोठा साठा होता, यावरून त्यांच्याशी भर पंगतीत वाद घातला होता. पन्नास वर्षं मामाजी म्हणत होते, ‘ज्याचे हात तोडले थो पोलिसाचं ऐकते काय? तुमी काही तरी दुसरं पाह्यलं.’

आता त्यांनी हात पुढं केला, मोबाइल घेतला, डोळ्यांजवळ नेऊन बातमी स्वतः वाचली. परत दिला. जिंकल्याचा आनंद वगैरे काही नाही.

‘दाखवतेत थो शेवट खरा नसते जवाईबापू,’ म्हणाले. ‘खरा मांगून निंगते.’

मी त्या वाक्यावर बराच विचार केला आहे, पण ते बाजूला राहू द्या.

या उन्हाळ्यात सगळे अकोल्यात जमलो होतो. भाची, तिचा नवरा, त्यांची चार वर्षांची पोरगी. जावई गडी चांगला आहे, वांग्याच्या भाजीबरोबर पाच रोडगे खातो, किशोरचा भक्त आहे. मामाजींनी त्याची खरी जात तिथंच ओळखली. दुपारची जेवणं झाली, कूलर समोर घेतला, कोणीतरी टीव्ही लावला. ‘सैराट’. सुरू होऊन बराच वेळ झालेला. बंद करणार तर पोरगी गाण्यावर नाचायला लागली, आणि मग रिमोट सापडेना.

मी फोन घेऊन आतल्या खोलीत जायच्या तयारीत, साळभाऊ मेन स्विचखाली, सासूबाई चक्कर येण्यासाठी भिंत शोधून राहिलेल्या. पडद्यावर ती पोरं घर लावत होती. भाचीचा नवरा, ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही, मन लावून पाहत होता. पोरीनं माहेरी फोन केला. माहेरची माणसं आली. मी नंबर लावला.

मामाजींच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला नाही. उठले. सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला, काठी घेतली, पणतीला बोट दिलं.

‘चला,’ म्हणाले, ‘गर्दी होईन.’

सासूबाई सवयीनं उठल्या. भाची उठली, म्हणून तिचा नवरा उठला. बायको उठली. साळभाऊ स्विच तसाच सोडून आले. मी कानाला फोन लावलेला, तसाच. दाराशी आम्ही नऊ माणसं एकदम पोचलो आणि उंबऱ्याबाहेर अठरा चपला, एकीवर एक, पट्ट्यात पट्टा. पोरीची एक सापडली, दुसरी वहिनींच्या टाचेखाली. साळभाऊंनी माझी घातली. रेटारेटीत मामाजींची काठी कोपऱ्यातल्या सायकलीला लागली, नातवाची सायकल, ती कलंडली ती तुळशीवर.

मामाजी पायरी उतरून, पणतीला कडेवर घेऊन, उन्हात उभे होते. मागं वळून त्यांनी सगळा घोळका एकदा नीट पाहून घेतला.

‘म्हणून सांगतो,’ म्हणाले, ‘पंधरा मिनिटं आंधी निंगा लागते.’